तावारेसांचं कपाट

ब्रिस्टल
सोमवार, १६ नोव्हेंबर १९८७

दिनाताई,

सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल तर शेजारची सुप्रभा. पाहुणे चारला यायचे, ही तीनलाच दारात, अंगावर नारायणपेठ आणि हातात लाडवांचा डबा. म्हटलं, "अगं, बघायला येणारेत ते आमच्या सिफोराला. तू कशाला नटलीस?" तर म्हणते, "मिल्कामावशी, खानदानी अमेरिकन मी टेलीवरच बघितलेत. एकदा जवळून बघू दे." बसवली तिला सोफ्यावर. सिफोरा माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, पण शेजारीण ती, तिला का हाकलायची?

सिफोरा म्हणजे आमच्या रिबकाची एकुलती एक. तू तिला फोटोतच पाहिलीस, पुढचे दोन दात नसलेली. आता पंचवीस वर्षांची आहे आणि बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीत बसते. तिथेच हा नेथन भेटला, डॉक्टर आहे, दोन वर्षांसाठी अमेरिकेहून आलाय. नेथन तावारेस. आपल्यातलाच, म्हणजे यहुदी. रिबका ऐकून म्हणाली, "बरं झालं आई." मी म्हटलं, आधी पाय बघू दे जमिनीवर आहेत का ते.

तर आले. पोरगा एवढा उंच की दारात वाकला. त्याच्यामागे त्याची आत्या, अबिगेल. सत्तरीची असेल, चिमणीएवढी, राखाडी कोट, हातमोजे. लग्न केलेलं नाही. नेथनचे आईबाप तो सहा वर्षांचा असताना वारले, हिने वाढवला. आता गंमत ऐक. मी समजत होते ही माणसं न्यूपोर्टची, म्हणजे पुलापलीकडच्या वेल्समधल्या न्यूपोर्टची, अर्ध्या तासाची ट्रेन. म्हणून मनात म्हटलं, एवढ्याशा वाटेला बाई इतकी दमली कशी? तर हे न्यूपोर्ट अमेरिकेत. अमेरिका अमेरिका व्हायच्या आधीपासून ते तिथले. व्यापारी घराणं, समुद्रावर स्वतःची जहाजं. आता जहाजं नाहीत, ताठा आहे थोडा. पण वाईट ताठा नव्हे. माझी पाठ दुखते म्हणून मी सरळ बसते ना, तसा.

दारात आली आणि चौकटीवरच्या मेझुझाच्या डबीला बोट लावून तिने बोटाचा मुका घेतला. मग वर बघितलं तर समोर मी, नऊवारी नाही ग, गोल साडी, वर आमच्या जावयाचा, शालोमचा, जुना स्वेटर. तिला त्या दोन गोष्टी एकत्र जुळवता येईनात. बघतच राहिली. मी आपली शालोम म्हटलं आणि कोट काढून घेतला.

चहा झाला, लाडू झाले. मग तिने विचारलं, "तुम्ही लोक इंडियात केव्हापासून आहात?" म्हटलं, "दोन हजार वर्षं म्हणतात बाई, मी मोजायला नव्हते." मग सांगितलं नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटल्याचं, सात बायका आणि सात पुरुष वाचल्याचं, पोथ्या बुडाल्याचं. तिने सगळं नीट ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आणि याचं काही लिहिलेलं आहे?"

इथेच घोडं अडलंय, ताई. लग्न लंडनच्या सिनेगॉगमध्ये करायचं म्हणून नेथनने अर्ज केला. तिथल्या ऑफिसाने कळवलं की मुलीच्या आईच्या आईचा, म्हणजे माझ्या यहुदी असण्याचा दाखला हवा. आई-बाबांच्या लग्नाचा कागद, कतुबा, नागावच्या घरी वाळवीने खाल्ला, तुला ठाऊकच आहे. मग ते म्हणाले, इस्राएलात कोणी सख्खं असलं तर तिथल्या रब्बींच्या ऑफिसातून एक कागद आणा, भागेल. इस्राएलात सख्खं कोण, तर तू.

हे मी तुला नुसतं कळवलं. मागत नाही. बासष्ट साली तुझ्या मुलीच्या हाताला मेंदी लागलेली असताना रब्बींच्या ऑफिसातल्या त्या माणसाने तुला विचारलं, तुझी आई कोण, तिची आई कोण, तिच्या आईची आई कोण. तू तिथल्या पायरीवर बसून राहिलीस आणि शपथ घेतलीस की पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा तू लिहिलंस, "जा गोऱ्यांकडे, तुलाही कोणीतरी विचारीलच." ते तुझं शेवटचं पत्र. नव्याच्या सणाला नव्या वर्षाचं कार्ड येतं, आत नुसती सही. सही तरी येते, मी ती कपाटात जपून ठेवते.

पाहुण्या अजून आठ दिवस आहेत, गल्लीच्या टोकाला गेस्ट हाउसमध्ये उतरल्यात. नेथन शुक्रवारी परत यायचा. तोवर आत्याबाई एकट्या. म्हटलं, उद्या चहाला या. येते म्हणाल्या.

तुझी मिल्का

ब्रिस्टल
गुरुवार, १९ नोव्हेंबर

दिनाताई,

आधीचं पत्र अजून पोचलंही नसेल, पण पोटात राहत नाही.

अबिगेलबाई मंगळवारी आल्या, बुधवारी आल्या, आजही येऊन गेल्या. लाउंजमध्ये बसवलं तर तिथून उठून किचनमध्ये आल्या. मी वाल सोलत होते, बिरड्याला मोड काढलेले. त्यांनी हातमोजे काढले आणि त्याही सोलायला बसल्या. नखं स्वच्छ, पण सालं निघेनात. शिकवलं.

माझं इंग्लिश म्हणजे बसपुरतं आणि भाजीवाल्यापुरतं, पण कळतं सगळं, आणि त्या सावकाश बोलतात. मी प्रश्न विचारले. मला सगळं जाणून घ्यायचं होतं ग. एवढी मोठी माणसं होती तर जेवायची काय? दळण कोण दळायचं? बायका जहाजावर जायच्या का? त्या म्हणाल्या, "मला लोक नेहमी विचारतात किती जहाजं होती. जेवायचे काय हे कोणी विचारलं नव्हतं."

तर ऐक. त्यांचा मूळपुरुष पोर्तुगालमधला. तिथे यहुदी म्हणून राहायची सोय नव्हती, जाळून मारायचे. म्हणून पिढ्यान् पिढ्या वरून ख्रिस्ती, रविवारी चर्चला, पोरांचे बाप्तिस्मे. आत काय ते आत. त्याचं नाव मनुएल. तो बायको घेऊन पळाला आणि न्यूपोर्टला उतरला. उतरल्यावर नाव बदलून मोशे केलं, आणि, तुला लाज वाटेल पण लिहिते, पस्तिशीच्या बाप्याने सुंता करून घेतली. वर स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावलं, यहुदी पद्धतीने. मी म्हटलं, "दोनदा लग्न? आमच्या ह्यांनी एकदा केलं तेच उपकार." त्या हसल्या. बायकोचं नाव इनेस होतं, तिची हन्ना झाली. तिला बारा पोरं, त्यातली सात जगली.

आणि धंदा कसला सांगू? तेलाचा. ताई, तेलाचा. नागावला आजोबांचा घाणा आठव. आपली माणसं तीळ आणि खोबरं गाळायची, दिव्याला उंडीचं कडू तेल. ह्यांचं तेल देवमाशाच्या डोक्यातलं. माणसं बोटीतून जाऊन समुद्रात मासा मारायची, त्याच्या डोक्यातून बादल्या बादल्या तेल काढायची, आणि त्याच्या मेणबत्त्या करून हे घराणं देशोदेशी पाठवायचं. पांढऱ्याशुभ्र, न धुरकटणाऱ्या, राजाच्या घरीसुद्धा त्याच. साखर, रम, लाकूड तेही जहाजांतून जायचं, पण नाव मेणबत्त्यांचं.

मला एकच खटकलं. विचारलं, "देवमाशाला खवले असतात का?" त्यांना कळेना. म्हटलं, "खवले नसलेला मासा आपल्याला चालत नाही. मग त्याच्या तेलाच्या मेणबत्त्या शब्बाथला कशा चालल्या?" बाई वाल हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "खाल्ल्या नाहीत, जाळल्या." मग दोघी जणी इतक्या हसलो की सुप्रभाने भिंतीवर थापटलं, काय झालं म्हणून.

शनिवारी गोदाम बंद, रविवारी शेजाऱ्यांसाठी बंद. शनिवारी त्यांचं एकही जहाज नांगर उचलायचं नाही. मी म्हटलं, आमचा बैलसुद्धा शनिवारी घाण्याला जुंपायचा नाही. इतका सवयीचा झाला होता की शुक्रवारी संध्याकाळी आपसूक थांबायचा. गावाने त्यावरूनच आम्हाला नाव ठेवलं, शनवार तेली. त्यांनी ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. शनवार, शनवार. जिभेवर बसेना त्यांच्या.

पुढे लढाई झाली, इंग्लंडच्या राजाचं सैन्य गावात घुसलं, तावारेस पोराबाळांसह गाडी जोडून पळाले. जहाजं गेली, गोदामं गेली. हन्नाने गाडीत भांडी नाही घातली, कपाट घातलं. म्हटलं, कपाटात काय होतं? तर म्हणाल्या, "रिकामं." आणि विषय बदलला. मला वाटतं रिकामं नसणार. तुला काय वाटतं?

जाताना मात्र दारात थांबून म्हणाल्या, "मिसेस नागावकर, तुम्ही मला आवडता, म्हणून सांगते. लंडनचं ऑफिस हो म्हणो की नाही म्हणो, माझी स्वतःची खात्री झाली पाहिजे. आमच्या घरात अडीचशे वर्षांत बाहेरची सून आलेली नाही. मी नाही म्हटलं तर नेथन माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, आणि मला त्याला दुःख द्यायचं नाही."

हे मी सिफोराला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, दिना-आजीला लिही ना. One piece of paper. तिला काय, ऑफिसला जायचा आणि यायचा."

म्हटलं, काय ते तुला कळायचं नाही.

उद्या शुक्रवार. नेथन आणि सिफोरा बर्मिंगहॅमहून येतील, बाई दिवे लावायला आमच्याकडेच येणारेत. मासा सांगून ठेवलाय, खवल्यांचा.

मिल्का

ब्रिस्टल
शनिवार, २१ नोव्हेंबर, शब्बाथ सुटल्यावर

दिनाताई,

माझ्या हातून घोळ झाला. हातून म्हणजे, हात मी दिव्याला लावलाच नाही. तूच ऐक आणि सांग.

इथे नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात, अंधार पडतो. भात नारळाच्या दुधातला, हिरव्या मसाल्याचा मासा, बिरडं, सगळं तयार. माझा काचेचा दिवा खिडकीत, नेहमीसारखा. म्हटलं, बाई, तुमच्या मेणबत्त्या इथेच बाजूला लावा. तर त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कबर्ड आहे का?"

खाली कबर्ड म्हणजे जिन्याखालचं एकच. त्यात हूवर, इस्त्रीचं टेबल, शालोमचे बूट. मला वाटलं कोट ठेवायचाय. त्यांनी हूवर बाहेर काढला, स्टूल आत ठेवलं, त्यावर दोन मेणबत्त्या लावल्या, डोळे झाकून पुटपुटल्या, आणि कबर्डचं दार लोटून घेतलं. बोटभर फट ठेवली. मग येऊन टेबलापाशी बसल्या, जसं काही सगळे असंच करतात. नेथनला त्यात नवल नव्हतं. सिफोराला त्याने सांगितलं असावं, ती काही बोलली नाही.

सुप्रभा सोफ्यावर होती. दर शुक्रवारी ती दिवे लागल्यावर येऊन आमचा गॅस बंद करते, मग आम्ही आगीला हात लावत नाही ना, म्हणून. मी कधी सांगितलं नाही, पंधरा वर्षं तिचं तीच करते. आता माझं डोकं कसं चाललं बघ. मला वाटलं, बाईंना परक्या बाईसमोर शब्बाथ लावायची भीती वाटते. पोर्तुगालची गोष्ट परवाच ऐकलेली. मनात आलं, अरेरे, अडीचशे वर्षं झाली तरी भीती जात नाही. आपल्या घरात पाहुण्याने लपून दिवा लावायचा? आपण नागावला कधी लपलो? अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

म्हणून मी उठले आणि कबर्डचं दार सताड उघडलं. म्हटलं, "इथे कोणी काही म्हणत नाही बाई. ही सुप्रभा तर घरचीच आहे."

त्याच क्षणी शालोम कामावरून आला. पुढचं दार उघडलं, वारा आत आला, आणि एक मेणबत्ती विझली.

कोणी हललं नाही. शब्बाथला ती पुन्हा पेटवता येत नाही, तुला काय सांगायचं. सुप्रभा बिचारी काड्यापेटी घेऊन पुढे झाली, "मी लावते ना, मला चालतं." बाई हळूच म्हणाल्या, "नो, थँक यू." शालोम दुधाच्या बाटल्या हातात धरून उभा. विचारतो, "मी काय केलं?"

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, माशाला हात लावला नाही. त्या कबर्डकडे तोंड करून बसल्या होत्या आणि उरलेल्या मेणबत्तीकडे बघत होत्या. ती जळत होती, हूवरची सावली भिंतीवर पडत होती. मी काहीबाही बोलत राहिले, बिरड्याचं, हवेचं. मला गप्प बसता येत नाही हे तू लहानपणापासून जाणतेस. जेवण झाल्यावर नेथनचा हात धरून त्या चालत गेल्या. दारात माझ्याकडे वळल्या, हातमोजे चढवले आणि गेल्या.

मग सिफोरा. ओरडली नाही, तेच वाईट. "आजी, why? तू का उघडला ती दार? तो त्यांची दिवा होती." मी सांगितलं, मला वाटलं भीती. म्हणाली, "तुला सगळं वाटते. तू विचारत नाही." ताई, मला जन्मात कोणी असं म्हटलं नव्हतं. आठवडाभर मी दुसरं काय करत होते? विचारतच होते. देवमाशाच्या खवल्यांपर्यंत विचारलं. नेमकं एवढं एक विचारलं नाही.

रिबका रात्रपाळीला होती. सकाळी आल्यावर तिला सांगितलं, ती म्हणाली, "आई, मेणबत्ती विझली म्हणून कोणी लग्न मोडतं का?" म्हटलं, लोकांनी त्याहून कमी कारणांवर मोडलीत.

आज दिवसभर गेस्ट हाउसकडून कोणी आलं नाही. नेथन दुपारी येऊन सिफोराला फिरायला घेऊन गेला, तीही लाल डोळे करून परत आली. म्हणते, आत्या खोलीतून बाहेर आलेल्या नाहीत.

आता मी तुला मागू का? सोमवारी मागितलं नाही, परवाही नाही. आज हात वळतोय. पण मी लिहिलं तर तू जाशील की न जाशील या घोरात मला बसायचं नाही, आणि तुला त्या पायरीवर पुन्हा उभं करायचं नाही. तर मागत नाही. फक्त कळव, तुझ्या घरी तू दिवा कुठे ठेवतेस? मला खरंच जाणून घ्यायचंय.

मिल्का

ब्रिस्टल
मंगळवार, २४ नोव्हेंबर

दिनाताई,

पाणी पिऊन बस आणि वाच.

रविवारी सकाळी दहाला बेल. बघते तर अबिगेलबाई, एकट्या, कोट, हातमोजे, पायांत चालायचे बूट. म्हणाल्या, "मला बंदर बघायचंय. याल का?" आमच्या बेडमिन्स्टरपासून बंदर काही लांब नाही, उतारच आहे. मी स्वेटरवर कोट चढवला आणि निघाले. रस्त्याने एक अक्षर नाही. मी पण नाही. हे तुला खोटं वाटेल पण मी जीभ दाताखाली धरून चालले होते.

पाण्याच्या काठी बाकावर बसलो. गार वारा, समोर दोन बदकं आणि एक गंजकी क्रेन. मी आधी माफी मागितली. मग, सिफोराचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून विचारलं, "दिवा कपाटात का ठेवता?"

म्हणाल्या, "मला माहीत नाही. म्हणजे, आता माहीत आहे, पुस्तकातून. पोर्तुगालमध्ये उजेड रस्त्यावर दिसू नये म्हणून. पण घरात कोणी कधी सांगितलं नाही. हन्नाने न्यूपोर्टला पहिल्या शुक्रवारी दिवा कपाटात ठेवला. नवरा म्हणाला, इथे भीती नाही. ती म्हणाली, तुला ठाऊक नाही. मरेपर्यंत तिने तसंच केलं. नवरा शहरभर मेणबत्त्या विकायचा, सिनेगॉगमध्ये पितळेची झुंबरं टांगली, घरात मात्र दिवा कपाटात. मग तिच्या मुलीने तेच केलं, तिच्या मुलीने तेच. मी सात वर्षांची असताना आजीला विचारलं, तर आजीने थोबाडीत दिली."

मी म्हटलं, "म्हणून तुम्ही रागावलात."

"रागावले नाही. घाबरले. तुम्ही दार उघडलंत तेव्हा मला खरोखर वाटलं, आता कोणीतरी आत येणार. सत्तर वर्षं मी दर शुक्रवारी त्याचीच वाट बघत होते आणि मला ते ठाऊकही नव्हतं." मग म्हणाल्या, "आणि आला कोण, तर तुमचा जावई. दुधाच्या बाटल्या घेऊन."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या, म्हणून आवरलं.

त्या पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आमचं एक जहाज इथे आलं होतं. ह्याच पाण्यात. इथून माल घेऊन ते आफ्रिकेला गेलं." मी विचारलं, मेणबत्त्या घेऊन? "नाही. कापड आणि बंदुका घेऊन. तिथून माणसं घेऊन जमैकाकडच्या बेटांवर. विकायला."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, नोकर? त्या म्हणाल्या, "नोकर नाही मिसेस नागावकर. माणसं. बेड्या घालून. पोरंसुद्धा. सगळी जहाजं नाही, काही. आमच्याकडे कागद आहेत सगळे. म्युझियमवाले येतात, मेणबत्त्यांचे कागद मागून नेतात, काचेत लावतात. हे दुसरे मी कोणाला दाखवत नाही. नेथनलाही नाही."

ताई, तेवढ्यात पलीकडून आमच्या गल्लीतले मिस्टर क्लार्क चालले होते, जमैकाचे, सतरा नंबरच्या बसचे ड्रायव्हर. चर्चला जायचा काळा सूट घातलेला. त्यांनी हॅट उचलून मला मॉर्निंग म्हटलं आणि बाईंनाही म्हटलं. बाईंनी मान खाली घातली.

ते गेल्यावर मी एकच विचारलं. मला ते विचारायलाच हवं होतं, नाहीतर झोप लागली नसती. म्हटलं, "ती जहाजंसुद्धा शनिवारी सोडायचे नाहीत?"

म्हणाल्या, "नाही. शनिवारी नाही."

 बदकं येऊन गेली. मग त्याच म्हणाल्या, "तुमच्याकडे एक कागद नाही म्हणून मी समुद्र ओलांडून चौकशीला आले. माझ्याकडे खोकी भरून कागद आहेत. घराणं किती जुनं, नाव किती शुद्ध, सगळं लिहिलेलं. त्यात हेही लिहिलेलं आहे. तुमच्या बैलाची गोष्ट मी परवापासून डोक्यातून काढू शकत नाही. तुमच्या गावाने तुम्हाला काय म्हणून ओळखलं?"

"शनवार तेली."

"शनवार," त्या म्हणाल्या. या वेळी बरोबर म्हणाल्या.

परत येताना चढ होता, मी त्यांचा हात धरला, की त्यांनी माझा, कोण जाणे. घरी आल्यावर शुक्रवारचा मासा मागितला. म्हटलं, बाई, दोन दिवसांचा झाला. म्हणाल्या, गरम करा.

नेथन आणि सिफोरा समोर बसलेले. बाईंनी काटे काढून काढून सगळा मासा खाल्ला, तोंड पुसलं, आणि नेथनला म्हणाल्या, "जेवण झाल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय. घराण्याबद्दल. सिफोरा, तूही बस. तावारेसांकडे यायचं तर तुला आधी कळलं पाहिजे, मग हो की नाही ते तू ठरव." दोघांना घेऊन लाउंजमध्ये गेल्या आणि दार लावलं. मी कान लावला नाही. थोडा लावला. काही ऐकू आलं नाही.

तासाभराने सिफोरा बाहेर आली, तोंड उतरलेलं. मला वाटलं झालं, मोडलं. किचनमध्ये येऊन नळ सोडून उभी राहिली. म्हटलं, काय ग? तर म्हणाली, "आजी, नेथन रडला. त्याला माहीत नव्हता." आणि मग, "मी हो सांगितली. पण त्यांना सांगितली, ते कागद म्युझियमला द्यायचे. सगळे. आत्या yes म्हणाली." हातातला टी-टॉवेल पिळत होती. मी तिला जवळ घेतलं. आपली पोरगी बघ. आपण सासरकडे काय मागितलं असतं, आणि हिने काय मागितलं.

आता तुझं. काल सोमवारी बाईंनी आमच्या हॉलमधून लंडनच्या ऑफिसला फोन लावला. मी जिन्यात बसून ऐकलं, हे मात्र उघड ऐकलं. म्हणाल्या, "मी अबिगेल तावारेस. तुम्हाला साक्ष हवी ना, मी देते. मी आठवडाभर त्यांच्या किचनमध्ये बसले आहे. काय विचारायचं ते मला विचारा." पलीकडचा काहीतरी बोलला. तेव्हा म्हणाल्या, "मग न्यूपोर्टला लग्न लावू. तिथल्या सिनेगॉगमध्ये आमचा बाक आहे, आणि मी जिवंत आहे." फोन ठेवला आणि मला विचारलं, कपभर चहा मिळेल का.

लंडनवाले काय म्हणतील ते म्हणोत. तू कुठल्या दारात जायचं नाहीस. मी तुला आता एवढंच मागते, आणि मागतेय हं या वेळी, की तू ये. तिकीट शालोम पाठवतो म्हणालाय. इथे कोणी तुला काही विचारणार नाही. मीच विचारीन काय ते, आणि मला तू थोबाडीत दिलीस तरी चालेल.

आज दुपारच्या ट्रेनने बाई गेल्या. स्टेशनवर मी विचारलं, पुन्हा केव्हा? म्हणाल्या, "तुमच्या लोकांचा असा एखादा दिवस सांगा, जो आमच्याकडे नाही." मी एलियाहू हन्नाबी संदेष्ट्याचा उरूस सांगितला, मलिदा कसा करायचा तेही सांगितलं, पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर पाच फळं. त्यांनी हातमोजा काढून हातावरच तारीख लिहून घेतली. दोघं येणार आहेत, ती आणि नेथन, आणि मलिद्यावरच साखरपुडा करायचा ठरलाय.

पोहे निवडायला माझे डोळे आता चालत नाहीत, ताई. तू मंगळवारी पोच. पाहुणे बुधवारी येतो म्हणालेत, तीन फेब्रुवारीला.

तुझी मिल्का